वाट पडते, वाट मोडते

(द्वितीय वर्ष, कला)

रस्ता बांधतात, पूल उभारतात, लोहमार्ग टाकतात. वाट मात्र 'पडते'. तिच्यासाठी कोणी नकाशा काढत नाही, ठेका देत नाही. माणसांच्या आणि जनावरांच्या पायांनी ती आपली आपण पडते. आणि पाय थांबले की ती 'मोडते'. मराठीतल्या या दोन क्रियापदांत पायवाटेचा सगळा जन्म-मृत्यू आला आहे असे मला वाटते.

अलीकडे सुट्टी लागली की पाठीवर पिशवी टाकून डोंगर चढायला जाणाऱ्या तरुण-तरुणींची संख्या पुष्कळ वाढली आहे. आपल्या महाविद्यालयातूनही हिवाळ्यात एखादी तुकडी गडावर जाऊन येते. परत आल्यावर त्यांच्या बोलण्यात उंची, थंडी, दमछाक, सूर्योदय आणि छायाचित्रे हे विषय असतात. परंतु ही वाट नेमकी इथेच का पडली, ती कोणी पाडली, आणि आज ती कोणामुळे टिकून आहे, हे प्रश्न सहसा निघत नाहीत. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

आपला देश खंडप्राय आहे, असे आपण शाळेपासून लिहीत आलो. जैसलमेरला वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस, लेहला त्याच्याही निम्मा. आणि मेघालयातल्या चेरापुंजीला सरासरी अकरा हजार मिलिमीटरच्या वर! ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत तर तिथे २६,४६१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. इकडे समुद्रसपाटीवरची खाजणे, तिकडे आठ हजार मीटरवरचे बर्फ. भूगोलाच्या पेपरापुरती आपण ही विविधता पाठ करतो आणि विसरतो. पण माझ्या मते देशातल्या बहुतेक जुन्या पायवाटांचे मूळ या विविधतेतच आहे. डोंगराच्या एका अंगाला जे पिकते ते दुसऱ्या अंगाला पिकत नाही, म्हणून माणसाला डोंगर ओलांडावा लागतो. दोन्ही बाजूंना सारखेच हवापाणी असते, तर एवढा जीवघेणा चढ चढून जाण्याची उठाठेव कोणी केली असती?

घाटाच्या दोन बाजू

प्रथम आपल्या सह्याद्रीकडे पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरांवर थर पसरले आणि त्यांचा काळा कातळ झाला. कठीण थरांचे कडे झाले, मऊ थर झिजून त्यांचे पदर झाले. म्हणून कोकणातून पाहिले तर सह्याद्री पायऱ्या रचल्यासारखा दिसतो. पश्चिमेकडे तो भिंतीसारखा तुटला आहे आणि पूर्वेकडे हळूहळू उतरत गेला आहे. समुद्रावरून आलेले पावसाळी वारे या भिंतीवर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि आपले पाणी तिथेच रिकामे करतात. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तिथून घाट उतरून वाईला आलो की तो हजाराच्याही आत येतो. अंतर किती? एका दिवसाच्या चालीचे!

या एका दिवसाच्या चालीत सगळे बदलते. खाली भात, मीठ, नारळ, सुकी मासळी. वर बाजरी, ज्वारी, कडधान्ये, मिरची, गूळ. साहजिकच खालच्याला वर जावे लागले आणि वरच्याला खाली यावे लागले. म्हणून तर सह्याद्रीत पाहावे तिथे घाटवाटा आहेत. रुंद आणि सोईची असेल तो घाट, कड्याच्या दोन भिंतींमधून दगडधोंड्यांवरून चढणारी ती नाळ, डोंगराच्या उतरत्या दांड्यावरून जाणारी ती सोंडेची वाट. वाटेच्या प्रकाराप्रमाणे नावही वेगळे.

या सर्वांत प्रसिद्ध तो नाणेघाट. जुन्नर आणि कोकण यांना जोडणारा हा घाट सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपारा या बंदरांकडे जाणारा महत्त्वाचा मार्ग होता. घाटाच्या तोंडाशी कोरलेल्या लेण्यात ब्राह्मी लिपीतील मोठा लेख आहे. नागनिका राणीचा मानला जाणारा हा लेख दोन हजार वर्षांमागचा असून त्यात यज्ञांची आणि दानांची यादी आकड्यांसह दिली आहे. भारतातील अंकलेखनाचा अभ्यास करणाऱ्यांना तो फार मोलाचा वाटतो. लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे कोरलेले होते. ते नाहीसे झाले, वरची नावे तेवढी उरली. घाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकली जात, असे सांगतात.

माझ्या आजीचे माहेर जुन्नरच्या बाजूचे आणि सासर घाटाखाली, मुरबाडच्या बाजूला. तिच्या लेखी नाणेघाट म्हणजे प्राचीन व्यापारी मार्ग वगैरे काही नव्हे. ती तिच्या माहेरची वाट. जाताना डोक्यावर तांदळाचे गाठोडे आणि येताना बाजरीचे, असे तिने तो घाट किती वेळा चढला-उतरला याची मोजदाद नाही. पाणी कुठल्या टाक्यातले प्यावे, उन्हाच्या वेळी कुठल्या वळणावर सावली असते, हे तिला आजही बसल्या जागी सांगता येते. आमच्या घरात महाविद्यालयात येणारी मी पहिलीच. इतिहासाच्या तासाला नागनिकेच्या लेखाचा उल्लेख झाला, तेव्हा घरी जाऊन मी आजीला सांगितले, की त्या भिंतीवरच्या रेघा म्हणजे एका राणीची अक्षरे आहेत. आजीला लिहिता-वाचता येत नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हंजी बाईचं लिवनं हुतं व्हय ते! आमी रोज त्याच्यापाशी टेकायचो." ज्या भिंतीचे वर्णन पुस्तकात शोधायला मला ग्रंथालयात जावे लागले, त्या भिंतीला पाठ लावून माझी आजी दम खात होती. पायवाटेचा इतिहास दोन ठिकाणी असतो, एक पुस्तकांत आणि दुसरा चालणाऱ्यांत, हे मला त्या दिवशी कळले.

मिठाच्या आणि लोकरीच्या वाटा

सह्याद्रीत जे हजार-दीड हजार मीटरवर घडते, तेच हिमालयात चार-पाच हजार मीटरवर घडते. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. हिमालयातल्या कित्येक खिंडी त्याच्या तिप्पट उंचीवर आहेत. तिथेही डोंगराच्या दक्षिणेला पाऊस, देवदार आणि भातशेती. उत्तरेला तिबेटचे कोरडे, थंड पठार. तिबेटात मीठ आणि लोकर, पण धान्य बेताचे. कुमाऊँ-गढवालात धान्य, गूळ आणि कापड, पण मीठ नाही. जोहार, दारमा, नीती, माणा या खोऱ्यांतल्या भोटिया लोकांनी ही देवघेव शतकानुशतके चालवली. शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर लहान लहान पिशव्या लादून त्यांचे तांडे उन्हाळ्यात खिंडी ओलांडत. खिंडीला मराठीत आपण घाट किंवा बारी म्हणतो, तसे कुमाऊँत धुरा म्हणतात, हिमाचलात जोत आणि लडाखमध्ये ला. ज्या लोकांना खिंडीशी रोजचे काम पडते, त्यांच्याकडे तिच्यासाठी स्वतःचा शब्द असतोच.

याच जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचा नैनसिंग रावत नावाचा एक शाळामास्तर होता. तिबेटात परक्यांना बंदी असल्यामुळे इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याने त्याला शिकवून तयार केले आणि १८६५ साली वेष पालटून तिकडे पाठवले. त्याच्याजवळ मोजपट्टी नव्हती. त्याचे पाऊल हीच मोजपट्टी. चढ असो वा उतार, पाऊल एकाच मापाचे पडले पाहिजे, हे त्याने घोटून घेतले होते. दोन हजार पावलांचा एक मैल. जपमाळेत १०८ मणी असतात, पण त्याच्या माळेत १०० होते. शंभर पावले झाली की एक मणी पुढे. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या कागदाऐवजी टिपणे दडवलेली. अशा रीतीने तो १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचला. पुढे १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. नकाशावर छापलेल्या एका रेघेमागे एका माणसाची लाखो पावले असू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

१९६२ च्या युद्धानंतर या खिंडी बंद झाल्या. लिपूलेखमधून थोडा व्यापार १९९२ मध्ये पुन्हा सुरू झाला, पण जुने तांडे गेले ते गेलेच. मिलममधली बहुतेक दगडी घरे छपरे कोसळून पडली. त्या गावावरून पुढे मिलम हिमनदीकडे आज गिरिभ्रमणाला लोक जातात. त्यांना ती पडकी घरे 'चित्रासारखी' दिसतात. पण ते एका मोडलेल्या वाटेचे अवशेष आहेत.

हिमालयात चालणाऱ्याने एक शास्त्रीय गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. उंची वाढते तशी हवा विरळ होते. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. शरीराला हे सोसायला वेळ लागतो. म्हणून तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या दिवसापेक्षा पाचशे मीटरहून अधिक उंचावर नसावा, असा नियम आहे. डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे ही धोक्याची सूचना. ती मिळाल्यावर चढणे थांबवावे, आणि त्रास वाढला तर खाली उतरावे. तिथे धीटपणापेक्षा धीमेपणा उपयोगी पडतो.

गवतामागून जाणारे

हिमाचलात गद्दी नावाचे मेंढपाळ आहेत. हिवाळ्यात ते कांगड्याच्या खालच्या टेकड्यांत असतात. उन्हाळा लागला की बर्फ वितळेल तसतसे ते वर सरकतात. सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या इंद्रहार जोतासारख्या खिंडींतून धौलाधार ओलांडून ते चंब्याकडे उतरतात, तर कित्येक कळप पुढे लाहौलपर्यंत पोचतात. थंडी पडली की पुन्हा परत. त्यांची वाट गवत ठरवते आणि गवत हवामान ठरवते. कुल्लूहून लाहौलकडे जाणारी हामटा खिंड सुमारे ४,२७० मीटर उंच आहे. तिच्या अलीकडे देवदार, भोजपत्राची झाडे आणि ओली कुरणे. पलीकडे उतरताच उघडे दगड आणि कोरडा वारा. माथ्यावर उभे राहिले की एका डोळ्याला हिरवे आणि दुसऱ्याला तपकिरी दिसावे, असा तो बदल.

गढवालातल्या प्रसिद्ध 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स'ची हकीकतही मेंढपाळांशी जोडलेली आहे. १९३१ साली कामेट शिखरावरून परतताना फ्रँक स्माइथ हा गिर्यारोहक त्या खोऱ्यात उतरला आणि फुले पाहून थक्क झाला. पुढे त्याच्या पुस्तकामुळे ते नाव जगभर झाले. पण स्थानिक लोक त्या खोऱ्याला भ्यूंदर म्हणत आणि तिथे पूर्वीपासून मेंढरे चारत. 'शोध लागला' या शब्दाचा अर्थ कित्येकदा 'ज्याला लिहिता येत होते तो तिथे पोचला' एवढाच असतो! १९८२ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि चराई बंद करण्यात आली. त्यानंतर पॉलिगोनम नावाची उंच, रानटी वनस्पती फोफावून फुलांची जागा खाऊ लागली, आणि वनखात्याला ती उपटून काढावी लागते. चराईबंदीचा यात किती वाटा आहे, यावर जाणकारांचे एकमत नाही. परंतु मेंढरे आणि फुले यांचे काहीतरी जुने नाते असावे, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

बर्फावरची वाट

लडाखमधल्या झंस्कारची गोष्ट आणखी निराळी. हिवाळ्यात खिंडी बर्फाने बुजतात आणि सबंध खोरे जगापासून तुटते. पण त्याच थंडीमुळे झंस्कार नदीचा पृष्ठभाग गोठतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत काही आठवडे नदीच वाट होते. या बर्फाच्या थराला 'चादर' म्हणतात. झंस्कारी लोक या चादरीवरून लेहला लोणी विकायला जात, आणि मुलांना तिकडच्या शाळेत पोचवायला जात. रात्री गुहेत मुक्काम, काठीने बर्फ ठोकून आवाजावरून त्याची जाडी ओळखायची, आणि मग पाऊल टाकायचे. थंडी उणे वीस-पंचवीस अंश. वाट बंद करणारे हवामानच इथे दुसरी वाट उघडून देते.

नदीकाठचा कडा फोडून तिथे अनेक वर्षे मोटाररस्त्याचे काम चालले होते. निम्मू-पदुम-दारचा हा रस्ता जोडला गेल्याचे २०२४ च्या मार्चमध्ये जाहीर झाले. झंस्कारमधल्या बाळंतिणीला वेळेवर रुग्णालयात पोचता येईल, मुलांना गोठलेल्या नदीवरून शाळा गाठावी लागणार नाही. या रस्त्याबद्दल हळहळ व्यक्त करणाऱ्या प्रवाशांशी मी सहमत नाही. आपल्या साहसासाठी दुसऱ्याने अडचणीत राहावे, असे म्हणण्याचा हक्क कोणालाच नाही. ज्यांच्या घरी डोक्यावरून ओझी वाहिली गेली आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

पावसाच्या देशात

आता देशाच्या ईशान्य टोकाला जाऊ. मेघालयाचे पठार दक्षिणेकडे बांगलादेशाच्या सपाटीवर एकदम तुटते. बंगालच्या उपसागरावरून येणारे ढग त्या तुटलेल्या कड्याला अडतात, म्हणून तिथे एवढा प्रचंड पाऊस. उतारावरची गावे सुपारी, संत्री, तमालपत्र पिकवतात आणि बाजाराला जायचे तर वाटेत ओढेच ओढे. अशा पावसात लाकडी पूल कुजतो, बांबूचा वाहून जातो. खासी लोकांनी यावर काढलेला उपाय जगात दुर्मिळ आहे. ओढ्याच्या काठी रबराच्या जातीचे, वडाच्या कुळातले झाड लावायचे, सुपारीच्या पोकळ केलेल्या खोडातून त्याची मुळे पलीकडच्या काठाकडे वळवायची आणि वाट पाहायची. मुळे पलीकडे रुजतात, जाड होतात, एकमेकांत गुंततात. पंधरा-वीस वर्षांनी त्यांचा पूल होतो. बाकीचे पूल वर्षागणिक जीर्ण होतात, हा मात्र वर्षागणिक भक्कम होत जातो. नोंग्रियाट गावचा एकावर एक असा दुमजली पूल प्रसिद्ध आहे. तिथे जायला तीन हजारांहून अधिक पायऱ्या उतराव्या लागतात. आपण ज्या पुलावरून कदाचित चालणारही नाही तो नातवंडांसाठी लावून ठेवायचा, ही वृत्ती मला फार मोठी वाटते.

त्याच मेघालयात 'डेव्हिड स्कॉट ट्रेल' नावाची सोळा किलोमीटरची वाट गिरिभ्रमण करणाऱ्यांत लोकप्रिय आहे. आसाम आणि सिल्हेट यांना खासी टेकड्यांतून जोडणाऱ्या जुन्या मार्गाचा तो एक तुकडा. हा मार्ग काढणारा डेव्हिड स्कॉट हा कंपनी सरकारचा अधिकारी. परंतु या रस्त्यामागचा सरकारचा हेतू ओळखून खासी राजा तिरोत सिंग याने १८२९ मध्ये उठाव केला. चार वर्षे लढा दिला आणि १८३५ मध्ये ढाक्याला कैदेत त्याचा अंत झाला. वाटेला नाव अधिकाऱ्याचे मिळाले. ज्यांनी ती नको म्हणून जीव दिला त्यांची आठवण चालणाऱ्याने स्वतःहून ठेवायची. पुढे १९४७ च्या फाळणीने सिल्हेट परदेशात गेले आणि खासींचा खालच्या सपाटीशी चाललेला व्यापार तुटला. मिलमचे जे १९६२ मध्ये झाले, ते इथे पंधरा वर्षे आधीच होऊन गेले होते.

देवाच्या वाटा, वाटाड्यांच्या वाटा

सगळ्याच वाटा व्यापाराने पाडल्या असे नाही; काही श्रद्धेने पाडल्या. नर्मदेची परिक्रमा हे मोठे उदाहरण. १,३१२ किलोमीटर लांबीच्या नदीला न ओलांडता दोन्ही काठांनी चालायचे, म्हणजे अडीच हजार किलोमीटरच्या वर चाल झाली. परंपरेने यासाठी तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितले आहेत. महाराष्ट्रातूनही पुष्कळ लोक परिक्रमेला जातात. पण सरदार सरोवराच्या जलाशयात या वाटेचा शूलपाणीच्या झाडीतला काठ बुडाला, जुने शूलपाणेश्वर मंदिर पाण्याखाली गेले, आणि आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या कित्येक आदिवासी गावांना उठावे लागले. परिक्रमावासी वळसा घालून पुढे जाऊ शकतो. गावाला तसा वळसा घालता येत नाही.

दक्षिणेकडे केरळ-तमिळनाडूच्या सीमेवर १,८६८ मीटर उंचीचे अगस्त्यकूडम शिखर आहे. दाट जंगलातून जाणारी ही वाट वनखात्याच्या परवान्याने साधारणपणे जानेवारी ते मार्च याच काळात खुली असते. इथल्या काणी आदिवासींची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. १९८७ साली वनस्पतिशास्त्रज्ञांची एक तुकडी या जंगलात हिंडत होती. शास्त्रज्ञ दमून जात; वाट दाखवणारे काणी मात्र ताजेतवाने. ते अधूनमधून कसली तरी फळे खात होते. ती वनस्पती म्हणजे 'आरोग्यपच्चा'. तिच्यापासून तिरुवनंतपुरमजवळच्या वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने 'जीवनी' नावाचे औषध तयार केले आणि मिळालेल्या मोबदल्याचा निम्मा वाटा काणींना देण्याचे ठरवले. वाटाड्याचे ज्ञानही मोलाचे असते आणि त्याचे मोल द्यायचे असते, हे तिथे मान्य झाले. एरवी आपण वाटाड्याला दिवसाची मजुरी देतो आणि त्याच्या ज्ञानाला 'अंदाज' म्हणतो.

याच शिखरावर स्त्रियांना पूर्वी जाऊ देत नसत. २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या निकालाने ही आडकाठी दूर झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये धन्या सनल शिखरावर पोचल्या. अगस्त्य ऋषींचे स्थान म्हणून काणी लोकांनी याला शांतपणे विरोध दर्शवला होता. त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवूनही मला वाटते, की जिथे रानात लाकूडफाट्याला बाईने जावे असे सर्वांना वाटते, तिथे माथ्यावर तिने जाऊ नये याला फारसा अर्थ नाही.

केव्हा, कोठे

वाचकांच्या सोईसाठी थोडी माहिती देते. सह्याद्रीत ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो आणि ओढे अचानक फुगतात. हिमालयात मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. भ्यूंदर खोऱ्यातली फुले मात्र जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे पाऊस अंगावर घेऊनच पाहावी लागतात. लडाख पर्जन्यछायेत असल्याने तिथे भर पावसाळ्यात चालता येते. दार्जिलिंगजवळच्या ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफूला एप्रिलमध्ये गुरासाची फुले आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कांचनगंगा स्वच्छ दिसते. मेघालयात ऑक्टोबरनंतर जावे. राजस्थानच्या वाळवंटात नोव्हेंबर ते फेब्रुवारी; तिथली जुनी वाट विहिरीपासून विहिरीपर्यंत जाते, हे मात्र विसरू नये. म्हणजे बाराही महिने देशात कुठली ना कुठली वाट चालण्याजोगी असते. हे भाग्य फार थोड्या देशांना आहे.

चालणाऱ्याचे देणे

मीठ आता मालमोटारीतून येते, बाजरी रेशनवर मिळते. बोरघाटात १८३० मध्ये गाडीरस्ता आणि १८६३ मध्ये रेल्वे आली, तेव्हापासून सह्याद्रीतल्या पायवाटांचे महत्त्व एकेक करून कमी होत गेले. ज्या वाटा गरजेने पडल्या, त्यांची गरज संपली. आता त्यांच्यावर उरले ते गुराखी आणि गिरिभ्रमण करणारे. गुराखीही कमी होत चालले. म्हणजे यापुढे बऱ्याच वाटा राहतील की मोडतील, हे हौशीने चालणाऱ्यांवर अवलंबून आहे.

पण अति झाले तर हौसही वाट मोडते. गढवालातल्या आली-बेदिनी या कुरणांतून, म्हणजे बुग्यालांतून, रूपकुंडाला वाट जाते. सुमारे पाच हजार मीटर उंचीवरच्या या तळ्याकाठी १९४२ मध्ये मानवी सांगाडे सापडले; २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते एका वेळचे नसून त्यांत सुमारे हजार वर्षांचे अंतर आहे, असे दिसून आले. या कुतूहलापायी तिथे इतके तंबू पडू लागले, की २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी केली आणि पर्यटकांच्या संख्येला मर्यादा घातली. मेंढरांनी कित्येक पिढ्या न मोडलेले कुरण तंबूंनी थोड्याच वर्षांत मोडकळीला आणले. मेंढरू चरून पुढे जाते. आपण खड्डे खणतो, चुली मांडतो आणि प्लॅस्टिक टाकून येतो.

म्हणून चालणाऱ्याने काही साध्या गोष्टी पाळाव्यात. नेलेले सर्व परत आणावे. शक्य तिथे त्याच गावचा वाटाड्या घ्यावा, त्याला योग्य मोबदला द्यावा आणि त्याच्याआधी जेवायला बसू नये. नवी आडवाट पाडू नये, कारण उतारावरची प्रत्येक आडवाट पावसात ओघळ होते. आणि मुख्य म्हणजे, विचारावे. या वाटेचे नाव काय, पूर्वी इथून काय जात होते, कोण जात होते?

आपल्या महाविद्यालयात खेड्यांतून आलेले पुष्कळजण आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अजून अशी माणसे आहेत, ज्यांनी घाट डोक्यावर ओझे घेऊन ओलांडले. त्यांना लिहिता येत नाही, आपल्याला येते. येत्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या भागातल्या एका वाटेची माहिती, म्हणजे तिचे नाव, तिच्यावरची पाण्याची टाकी, विसाव्याच्या जागा आणि तिच्यावरून जाणारे जिन्नस, एका वहीत उतरवून आणावी. पुढच्या अंकापर्यंत अशी वीस-पंचवीस टिपणे जमली, तर आपल्या ग्रंथालयात त्यांचे एक पुस्तक होईल. मोडलेली वाट पुन्हा पडेलच असे नाही, पण ती कोठून गेली होती एवढे तरी कळेल. हे काम बाहेरचा कोणी येऊन करणार नाही. केले तरी त्याला त्या वाटेची नावे सांगणारे कोण उरले असेल?